विचारलं, नको म्हणाली

मंगळवारी कोर्टाच्या तळघरात कोण कशासाठी उतरतं हे कुणालाच कळू नये, अशी सोय आधीच्या नर्सनं, आयोननं, फार पूर्वीच करून ठेवली होती. त्या दिवशी म्हाताऱ्यांचं बीपी फुकट तपासायचं. आणि त्याच दिवशी, त्याच दारातून, त्याच खुर्च्यांवर बसवून बाकीचंही सगळं करायचं: गोळ्या, तीन महिन्यांचं इंजेक्शन, तांबी, दंडात बसवायची काडी, आणि ज्या रोगांचं नाव लोक चारचौघांत घेत नाहीत त्यांच्या तपासण्या. आत येणाऱ्या प्रत्येकाच्या दंडाला आधी पट्टा बांधायचा. बाहेर पडणाऱ्या प्रत्येकाच्या हातात बीपीचं गुलाबी कार्ड द्यायचं. बाहेर बसलेल्यांना दिसायचं ते एवढंच.

एवढी काळजी घेण्याला कारण होतं. लुंडबी गावात माणसं चेहऱ्यापेक्षा गाडीवरून ओळखली जातात. समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं, म्हणजे रामराम झाला. बोट उचलताना आपण कुणाला पाहिलं, तो कुठून येत होता आणि या वेळी तिकडे त्याचं काय काम, हे मनात टिपलं जातंच. म्हणून शहाणी माणसं मंगळवारी गाडी वाचनालयापाशी लावत आणि मागच्या गल्लीतून चालत येत.

आयोन निवृत्त झाली तेव्हा तिनं कॉर्लिसला किल्ल्या दिल्या आणि एक नियम दिला. "'हो' कधी सांगायचं नाही हे तुला कुणीही शिकवेल. मी सांगते ते लक्षात ठेव. 'नाही' पण कधी सांगायचं नाही. दहा जणांना 'नाही' म्हणालीस आणि अकराव्याला गप्प बसलीस, की त्याला उत्तर मिळालं."

कॉर्लिसनं अकरा वर्षं काउंटीची, म्हणजे जिल्ह्याची, नर्स म्हणून हा नियम पाळला होता. निदान तिची तरी तशी समजूत होती.

मे महिन्यातल्या त्या मंगळवारी गॅरेट एल्सगार्ड जिना उतरून आला. तो या तळघरात पूर्वी कधी आला नव्हता. छत्तीस वर्षांचा, बीटरूटची शेती करणारा, उंच माणूस. त्याला शाळेतली लस आयोननंच टोचलेली. खोलीत आला तो उभाच राहिला.

"गुरुवारी तुमची पांढरी गाडी माझ्या दारात होती," तो म्हणाला.

"बस. दंड पुढे कर."

"मी बीपीला नाही आलो."

"इथे सगळे बीपीलाच येतात, गॅरेट."

तो बसला. तिनं पट्टा गुंडाळला. त्याच्या मनगटावर पेरणीची माती तशीच होती.

"ऑर्व्हिल म्हणाला पंधरा मिनिटं उभी होती. इंजिन बंद करून."

"ऑर्व्हिलचं घड्याळ बरोबर असतं," कॉर्लिस म्हणाली. ऑर्व्हिल म्हणजे एल्सगार्डांच्या समोरचा शेजारी, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर. त्याच्या स्वयंपाकघराची खिडकी नेमकी रस्त्याकडे उघडायची.

"काय सांगितलंत तुम्ही ब्रिटाला?"

खरं सांगायचं तर कॉर्लिस अंडी घ्यायला थांबली होती. तिच्या स्वतःच्या गाडीसमोर हरीण आलं होतं, गाडी गॅरेजमध्ये पडली होती, म्हणून ती काउंटीच्या पांढऱ्या गाडीनं घरी चालली होती. गॅरेटची बायको ब्रिटा रस्त्याच्या कडेला एका जुन्या शीतपेटीत अंडी ठेवायची. ज्यानं त्यानं येऊन घ्यावीत आणि रिकामे खोके परत ठेवावेत. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ब्रिटा अंगण ओलांडून आली, गाडीच्या खिडकीला टेकली, कोंबड्यांबद्दल बोलली, सासूबद्दल बोलली, आणि मग आवाज उतरवून म्हणाली, "माझी तारीख कधी आहे गं? कार्ड घरी ठेवत नाही ना, म्हणून लक्षात राहत नाही."

त्या एका वाक्यानं अंड्यांची भेट कामाची भेट होऊन बसली होती. 'अंडी घेतली' एवढंच सांगितलं तर ते अर्धं खरं झालं असतं. आणि अर्धं खरं सांगायचा नियम नव्हता.

"माझी गाडी कुठे उभी असते यावर मी कुणाशीच बोलत नाही," ती म्हणाली. "तुझ्याशी नाही, तुझ्याबद्दल दुसऱ्या कुणाशीही नाही."

"म्हणजे सांगण्यासारखं काहीतरी आहे."

"म्हणजे मी बोलत नाही."

"मी नवरा आहे तिचा."

"माहीत आहे. लग्नात मी बटाट्याचं सॅलड आणलं होतं."

तो हसला नाही. कॉर्लिसनं पट्ट्यातली हवा सोडली आणि आकडा लिहून घेतला. एकशे बेचाळीस, नव्वद. तिला आधी वाटलं, याला इंजेक्शनाचा वास लागला. चार वर्षं ब्रिटा दर बारा आठवड्यांनी ते घेत होती आणि गॅरेटला त्याचा पत्ता नव्हता. दर हिवाळ्यात तो पश्चिमेला तेलाच्या विहिरींवर कामाला जायचा. 'तो तिकडे सहा महिने आणि मी बाळ घेऊन इथे बर्फात एकटी? ज्या वर्षी तो हिवाळाभर घरी राहील त्या वर्षी बंद करीन,' असं ब्रिटानं पहिल्याच वेळी सांगितलं होतं. त्यावर कॉर्लिसनं काही मत दिलं नव्हतं. मत देणं तिच्या कामात बसत नव्हतं.

पण गॅरेट पुन्हा म्हणाला, "फक्त एवढंच सांगा, तुम्ही तिला काय सांगितलंत?" आणि जरा वेळानं पुन्हा, "तिला काही कळलंय का?"

कॉर्लिसचं पेन थांबलं. बायकोवर संशय घेणारे नवरे तिनं पाहिले होते. ते विचारतात, ती इथे येते का, कुणाबरोबर येते, तुमच्याकडे काय बोलली. हा माणूस ब्रिटाबद्दल एक अक्षर विचारत नव्हता. ब्रिटाच्या कानावर काय गेलं, एवढंच त्याला हवं होतं. म्हणजे भीती त्याच्या स्वतःच्या खिशातली होती.

"तुला तपासणी करून घ्यायची आहे का?" तिनं विचारलं.

"कसली? मला काही होत नाहीये."

"बहुतेकांना काही होत नाही. म्हणून तर तपासायचं. सुई नाही, काही नाही. या कपात लघवी द्यायची. तीन दिवसांत कळतं."

त्यानं कपाकडे पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग कप उचलला आणि मागच्या मोरीकडे गेला.

तो गेल्यावर आर्डिसनं दारातून मान आत घातली. सदुसष्ट वर्षांची आर्डिस गुलाबी कार्डं भरायची आणि नमुन्यांची पेटी राज्याच्या प्रयोगशाळेकडे रवाना करायची. तिला सगळं माहीत असायचं आणि ती कशातलंच काही बोलायची नाही. बोलायची ते फक्त बीपीबद्दल.

"किती होतं एल्सगार्डच्या पोराचं?"

"एकशे बेचाळीस, नव्वद."

"अरे देवा. म्हणजे याचं खरंच वाढलंय."

शुक्रवारी सकाळी निकाल आला. क्लॅमिडिया हा गुप्तरोग, आहे.

कॉर्लिसनं फोन केला. फोनवर सांगायचं वाक्य ठरलेलं होतं. "गॅरेट, तुझं बीपी परत एकदा बघायला हवं."

पलीकडचा ट्रॅक्टर बंद झाला. "आत्ता?"

"आज."

तळघराच्या खिडक्या जमिनीलगत होत्या. तिथून आकाश दिसायचं नाही, फक्त चाकं दिसायची. वीस मिनिटांत काळ्या चिखलानं भरलेली चार मोठी चाकं अगदी दारासमोर येऊन थांबली. याला वाचनालयापाशी लावायचंही सुचलं नाही, कॉर्लिसच्या मनात आलं.

तिनं त्याला सांगितलं. त्यानं बुटावरचा चिखल खरवडला.

"मार्चमध्ये," तो शेवटी म्हणाला. "एकदाच. तिचं आडनावसुद्धा मला माहीत नाही."

"पहिलं नाव, गाव, जे आठवेल ते सांग. तिलाही औषध मिळायला हवं. तुझं नाव तिला कळणार नाही." त्यानं सांगितलं ते तिनं लिहून घेतलं. मग त्याच्या गोळ्या पुढे ठेवल्या. "रोज दोन, सात दिवस. तोवर कुणाजवळ झोपायचं नाही. आता ब्रिटा."

"ब्रिटाला कशाला यात आणायचं?"

"तू आणलंस. मी फक्त दिवस मोजतेय." ती शांतपणे म्हणाली. "एप्रिलपासून तू घरी आहेस. तिलाही झालेलं असू शकतं, आणि तुझ्यासारखंच तिलाही काही जाणवणार नाही. बाईच्या बाबतीत हे आत वर चढतं. गर्भनळ्या चिकटल्या की पुढे मूल राहायला अडचण येते. कुणाला येते, कुणाला येत नाही. कुणाला येईल ते आधी सांगता येत नाही."

मूल म्हटल्यावर त्यानं मान वर केली. "आमचं दोन वर्षं चाललंय," तो म्हणाला. "काही होतच नाही. आईनं पाळणासुद्धा रंगवून ठेवलाय. हेच कारण असेल का?"

कॉर्लिसनं चेहरा हलू दिला नाही. "हे आत्ताचं आहे. मार्चचं."

"की आता राहिलं असेल तिला? या महिन्यात?"

"तुला काय वाटतं?"

"असेलही."

आता जे गॅरेटनं सांगितलं तेच धरून तिला चालायचं होतं. गरोदर असण्याची शक्यता असलेल्या बाईला सात दिवसांच्या गोळ्या द्यायच्या नसतात. तिच्यासाठी एकदाच घ्यायचं दुसरं औषध असतं. ब्रिटा गरोदर नाही हे कॉर्लिसला माहीत होतं. सात दिवसांच्या गोळ्या जास्त खात्रीच्या, हेही माहीत होतं. पण ब्रिटाच्या कागदावर जे होतं ते गॅरेटच्या टेबलावर वापरणं म्हणजे सांगण्यासारखंच झालं असतं. तिनं कपाटातून दोन गोळ्यांचं पाकीट काढलं.

"तीन रस्ते आहेत," ती म्हणाली. "तू तिला इथे घेऊन ये. नाहीतर मला सांग, मी तिला भेटते. तुझं नाव घेणार नाही, पण ब्रिटा काही मूर्ख नाही. नाहीतर हे पाकीट तू स्वतः घरी ने आणि तिला सांगून दे. डॉक्टरांनी तशी लेखी परवानगी देऊन ठेवली आहे. आत माहितीचा कागद आहे, तो तिनं वाचायला हवा. ॲलर्जी असेल तर आधी कळायला हवी."

"मी नेतो."

"नक्की?"

"नेतो म्हटलं ना." त्यानं पाकीट शर्टाच्या खिशात घातलं, बटण लावलं. दारापाशी थांबून म्हणाला, "कॉफीत विरघळतात का या?"

कॉर्लिसनं मान वर करून पाहिलं.

"गंमत केली," तो म्हणाला.

"तिला न सांगता कुणी तिला काही द्यायचं नाही, गॅरेट."

"गंमत केली म्हटलं ना."

चिखलाची चाकं निघून गेली. गंमत करणारा माणूस सांगताना हसतो. हा हसला नव्हता.

शनिवार गेला, रविवार गेला. चर्चनंतरच्या कॉफीला एल्सगार्ड जोडपं शेजारी शेजारी उभं होतं. ब्रिटानं लिंबाच्या वड्या आणल्या होत्या. तिनं दुरून हात केला, पण जवळ आली नाही. कॉर्लिसला तिच्या चेहऱ्यावरून काही वाचता आलं नाही. घरी गेल्यावर कॉर्लिसचं जेवणात लक्ष लागेना. दोन गोळ्या, एवढासा प्रश्न. पोटात गेल्या की नाही?

मंगळवारी ब्रिटाची तारीख होती.

बाहेर तिघंजण बसले होते. कोपऱ्यात टोपी गुडघ्यावर ठेवून ऑर्व्हिल. एरवी ब्रिटा गल्लीतून चालत येई. त्या दिवशी खिडकीतून कॉर्लिसला तिच्या छोट्या निळ्या गाडीची चाकं दिसली. शुक्रवारी गॅरेटचा ट्रक होता त्याच जागी.

"गाडी समोर लावलीस?" कॉर्लिसनं पट्टा बांधताना विचारलं.

"कंटाळा आला चालायचा." ब्रिटा खुर्चीत ताठ बसली होती. "एक विचारू? त्याला इंजेक्शनाबद्दल तू सांगितलंस?"

"मी कुणाबद्दल कुणाशी बोलत नाही."

"ते झालं. गॅरेटचा ट्रक शुक्रवारी इथे समोर उभा होता. ऑर्व्हिलनं पाहिला. घरी विचारलं तर म्हणाला, नंबरप्लेटचं वर्षाचं स्टिकर आणायला वरच्या कचेरीत गेलो होतो. स्टिकर ऑक्टोबरपर्यंत आहे, कॉर्लिस. मी माझ्या हातानं चिकटवलंय ते."

"ब्रिटा—"

"आठवडाभर तो मला विचारतोय, नर्स काय म्हणाली, नर्स का आली होती. मी म्हटलं अंडी घ्यायला आली होती. तर माझ्याकडे असा बघतो की जणू मी तुरुंगातून पळून आलेय. मग मला वाटायला लागलं, हिनंच तोंड उघडलं असणार. चार वर्षं मी तुझ्या भरवशावर काढली."

कॉर्लिसला एक शब्द बोलून मोकळं होता आलं असतं. मी सांगितलं नाही. तो शब्द खरा होता. पण आज इंजेक्शनाबद्दल 'नाही' म्हटलं असतं, तर पुढच्या प्रश्नाला काय म्हणणार होती ती? तिनं बीपी लिहून घेतलं आणि कागद पुढे ओढला. इंजेक्शनाआधीचे प्रश्न छापील होते. ते ती प्रत्येकीला विचारायची.

"मागची पाळी?"

"या इंजेक्शनावर येतेय कुठे. दोन डाग, एप्रिलमध्ये."

"डोकेदुखी?"

"नवरा आहे."

"गेल्या दोन आठवड्यांत दुसरं काही औषध घेतलंस?"

"नाही. का?"

"छापलेलं आहे."

म्हणजे दिलं नव्हतं. किंवा सांगून दिलं नव्हतं. कॉर्लिसनं पेन खाली ठेवलं, पुन्हा उचललं. छापील कागदावर आणखी एक ओळ होती. तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "आज संसर्गाची तपासणीही करून टाकायची का? कपातच द्यायचं असतं."

ब्रिटानं मान वळवून तिच्याकडे पाहिलं.

"हे तू मला कधी विचारत नाहीस," ती म्हणाली.

"छापलेलं आहे."

"मागच्या वेळीही छापलेलं होतं. तू विचारलं नाहीस. चार वर्षांत एकदाही नाही. मला आठवतंय, कारण पहिल्यांदा मी वाट बघत होते की आता विचारशील आणि मला लाज वाटेल. तू विचारलंच नाहीस. मला बरं वाटलं होतं." तिनं हात पुढे केला. "माझा कागद बघू दे. माझा मला बघता येतो ना?"

येत होता. तो तिचा हक्क होता. कॉर्लिसनं जाड झालेली फाइल तिच्याकडे सरकवली.

ब्रिटा बोट ठेवून खाली खाली वाचत गेली. प्रत्येक भेटीला एक ओळ. तारीख, वजन, बीपी, कोणत्या दंडात दिलं. आणि शेवटच्या रकान्यात कॉर्लिसच्या नीट, उभ्या अक्षरात: विचारलं, नको म्हणाली. विचारलं, नको म्हणाली. विचारलं, नको म्हणाली. सतरा वेळा.

"मी कधी म्हणाले?"

"तू म्हणालीच नाहीस." कॉर्लिसचे कान तापले होते. "मी विचारलं नाही. तू लग्न झालेली, ओळखीची. रविवारी चर्चमध्ये शेजारी बसतो आपण. मला विचारायला अवघड वाटायचं, म्हणून मीच लिहून टाकायचे."

"आणि आज अवघड नाही वाटलं?"

आयोनचा नियम कॉर्लिसनं उत्तरांच्या बाबतीत काटेकोर पाळला होता. प्रश्नांनाही तोच नियम लागू पडतो, हे तिच्या ध्यानातच आलं नव्हतं. प्रत्येक वेळी विचारलं असतं, तर आजचा प्रश्न सतरा प्रश्नांत मिसळून गेला असता. न विचारण्याचा शिष्टाचार तिनं चार वर्षं पाळला, आणि आज विचारणं म्हणजे सगळं सांगून टाकणं झालं.

ब्रिटानं फाइल मिटली.

"शनिवारी त्यानं मला कॉफी करून दिली," ती म्हणाली. आवाज एकदम सपाट झाला होता. "अकरा वर्षांत पहिल्यांदा. अंथरुणात आणून दिली. आणि समोर उभा राहिला, मी पिते का बघत. एक घोट घेतला तर कडू जहर. तळाशी पांढरं काहीतरी. मला वाटलं सासूनं मूल होण्याचं कसलंतरी चूर्ण दिलंय. मी म्हटलं, तुझा फोन वाजतोय खाली. तो गेला तेव्हा खिडकीतून ओतून दिली."

ते पाकीट तिनंच दिलं होतं. दारातला त्याचा प्रश्न तिनं ऐकला होता, आणि तरी तीन दिवस वाट बघितली होती.

"ते इथून गेलं होतं का?" ब्रिटानं विचारलं.

कॉर्लिसनं मिटलेली फाइल सरळ करून ठेवली.

"तू 'नाही' म्हणत नाहीयेस."

"मी कधीच म्हणत नाही."

"माहीत आहे. त्याच्यावरच तर माझी चार वर्षं निभावली." ब्रिटानं डोळे पुसले नाहीत, ते कोरडेच होते. ती टेबलावरच्या कपांच्या चळतीकडे बघत होती. "मला एक सांग. समजा एखादीला नुसती भीती वाटली. कारण नाही सांगितलं तिनं. तर निकाल यायच्या आधी तिला औषध मिळतं का?"

"भीती कसली ते तिनं स्वतः सांगायला लागतं. माझ्याकडून नाही."

"माझा नवरा कुणाजवळ तरी झोपलाय, असं मला वाटतं. हे चालेल?"

"चालेल."

"मग मी मागतेय."

कॉर्लिस उठली. आता ही ब्रिटाचीच फाइल होती, आणि ब्रिटाचीच उत्तरं. नियमाप्रमाणे कपातल्या चाचणीनं गर्भ नसल्याची खात्री करून तिनं सात दिवसांच्या, खात्रीच्या गोळ्या काढल्या. ॲलर्जी विचारली. दूध आणि गोळी एकदम घेऊ नकोस म्हणाली, घेतल्यावर लगेच आडवी होऊ नकोस म्हणाली. पहिली गोळी ब्रिटानं तिथेच, भरलेला पेला संपवून घेतली.

"सात दिवस कुणाजवळ झोपायचं नाही," कॉर्लिस म्हणाली. "आणि त्यानंतरही, त्यानं स्वतःचं औषध पुरं केल्याशिवाय... म्हणजे कुणीही असला तरी."

"सातच दिवस?" ब्रिटा म्हणाली. "कमी वाटतायत."

"इंजेक्शन?"

"दे. आज तर दे." तिनं बाही वर केली. सुई गेली तेव्हा ती भिंतीकडे बघत होती. "मी पण त्याच्याशी खोटंच बोलत होते, नाही का? पाळणा रंगवताना मी ब्रश धुऊन देत होते."

कॉर्लिसनं मत दिलं नाही. कापूस दाबून धरला. मग म्हणाली, "ते पाकीट जर इथून गेलं असेल, तर ज्यानं दिलं त्याची चूक होती. आणि हे रकाने माझी चूक. लेखी तक्रार करता येते. कागद आर्डिसकडे असतो."

"बघेन," ब्रिटा म्हणाली. "आधी घरी बोलायचंय."

कॉर्लिसनं पुढच्या तारखेचं कार्ड भरलं आणि नेहमीप्रमाणे फाइलला टाचायला घेतलं. ब्रिटानं ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"हे घरी नेते. फ्रिजवर लावणार आहे. त्याच्या गोळ्याही शेजारी मांडून ठेवू दे त्याला. एकमेकांचं बघत बसू."

बाहेर आर्डिसनं तिच्या हातात गुलाबी कार्ड दिलं. "मीठ कमी कर."

"करते." ब्रिटा ऑर्व्हिलच्या खुर्चीपाशी थांबली. "ऑर्व्हिल, माझी गाडी समोरच आहे. किती मिनिटं झाली?"

म्हाताऱ्यानं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि सवयीनं खरं ते सांगून गेला. "छत्तीस."

"लिहून ठेवा," ती म्हणाली आणि जिना चढून गेली. खिडकीतून तिच्या निळ्या गाडीची चाकं मागे सरताना, वळताना दिसली. ती घराच्या दिशेनं गेली.

कॉर्लिसनं हात धुतले, फाइल उघडली आणि सतराही ओळींवर एक एक रेघ मारून बाजूला सही केली. खाली लिहिलं: विचारलं नव्हतं. मग पुढचं नाव पुकारलं.

ऑर्व्हिल आत आला, टोपी काढली, दंड पुढे केला. "बरी आहे ना पोर?"

"मी कुणाबद्दल बोलत नाही, ऑर्व्हिल."

"ते ऐकून आहे मी. उगाच आपली काळजी."

"एकशे चौतीस, शहात्तर. बरं आहे तुमचं." तिनं त्याचा कागद पुढे घेतला. त्याच्या कागदावरही तीच ओळ छापलेली होती, आणि तिथेही तिचंच उभं अक्षर रांगेनं उतरलेलं होतं. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा विधुर. त्याला कोण कशाला विचारेल? तिनं घसा साफ केला. "आजपासून मी प्रत्येकाला विचारणार आहे. तुम्हाला संसर्गाची तपासणी करून घ्यायची आहे का? गुप्तरोगांची."

ती वाट बघत होती की तो हसेल, किंवा रागावेल, किंवा टोपी घालून उठेल.

ऑर्व्हिलनं टोपीची कड बोटांत फिरवली. दर हिवाळ्यात तो ॲरिझोनाला जायचा, फिरत्या घरांच्या वसाहतीत, जिथे संध्याकाळी नाच असायचे. मार्चअखेर परत यायचा तो उन्हानं तांबूस होऊन, आणि तिकडचं कुणाला काही सांगायचा नाही. त्यानं मागे वळून दार नीट लागलंय का ते पाहिलं. मग जमिनीलगतच्या खिडकीकडे पाहिलं, बाहेर कुणाची चाकं आहेत का ते.

"कपात द्यायचं म्हणालीस?" त्यानं हळूच विचारलं.

"कपात."

"आणि ते कुणाला कळत नाही."

कॉर्लिसनं कागदावर 'विचारलं' एवढंच लिहिलं, आणि पुढचा शब्द त्याच्याकडून येईपर्यंत पेन तसंच धरून ठेवलं.